विशेष शिक्षणाच्या सेवा मिळवताना: पालकांनी काय मागावे, काय वाचावे आणि काय लिहून घ्यावे

‘तुमच्या मुलाला थोडी अडचण दिसते आहे’ असे वर्गशिक्षकांनी सांगितले, की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘मोठा झाला की येईल आपोआप’ म्हणून वर्ष-दोन वर्षे तशीच जातात, नाही तर महिनाभरात चार तज्ज्ञांची दारे झिजवून आणि चार वेगवेगळी मते ऐकून पालक आधीपेक्षा जास्त गोंधळून घरी परततात. या दोन्ही घरांत एक गोष्ट सारखीच राहून जाते: मुलाला नेमके काय जमत नाही, त्यासाठी कोण काय करणार आहे आणि ते केव्हापर्यंत, हे कोणत्याही कागदावर आलेले नसते. विशेष शिक्षणाची सगळी व्यवस्था कागदावर चालते. तोंडी दिलेले आश्वासन शिक्षकांची बदली झाली की त्यांच्याबरोबरच निघून जाते. म्हणून पालकांचे पहिले काम कागद तयार करण्याचे आहे, आणि दुसरे तो नीट वाचण्याचे.

त्याआधी एक गैरसमज दूर केलेला बरा. विशेष शिक्षण म्हणजे विशेष शाळा असे समजून अनेक आईवडील हा शब्दही टाळतात. प्रत्यक्षात ही सेवांची एक यादी असते. त्यांत विशेष शिक्षकांचे अध्यापन, वाचा-उपचार, व्यवसायोपचार (लिहिणे, कपडे घालणे अशी रोजची कामे जमावीत म्हणून दिलेले उपचार), परीक्षेतील वाढीव वेळ, लेखनिक, बसण्याची वेगळी व्यवस्था, वर्गातील मदतनीस यांपैकी मुलाला लागेल ते येते, आणि यातले बरेचसे नेहमीच्या शाळेतल्या नेहमीच्या वर्गात बसूनच मिळू शकते. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातील चोविसावे कलम शिक्षणाबद्दल आहे आणि त्यात सर्व स्तरांवर समावेशक शिक्षणाची हमी देण्यास सांगितले आहे.

कराराने दिशा दिली असली, तरी मुलाच्या पदरात प्रत्यक्ष काय पडेल हे तो ज्या देशात शिकतो तेथील कायदा ठरवतो, आणि हे कायदे एकसारखे नाहीत. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यापासून प्रत्येक पात्र मुलासाठी लेखी वैयक्तिक शिक्षण योजना करावी लागते. पालकांनी संमती दिल्यापासून ६० दिवसांत, किंवा राज्याने वेगळी मुदत ठरवली असल्यास त्या मुदतीत, पहिले मूल्यमापन पूर्ण व्हावे लागते. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यानुसार शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांची एकत्रित योजना होते, आणि विनंती केल्यापासून अंतिम योजना हाती येईपर्यंत २० आठवड्यांची मर्यादा आहे. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या यादीत २१ प्रकार आहेत आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली खास अडचण) व स्वमग्नताही येतात. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तर वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख त्याच कायद्याच्या सतराव्या कलमात आहे. आपण जिथे राहत असाल, तेथील संपूर्ण कायदा पाठ करण्याची गरज नाही. मूल्यमापनाची मागणी कोणी आणि कोणाकडे करायची, उत्तर किती दिवसांत द्यावे लागते, खर्च कोण करतो आणि निर्णय पटला नाही तर दाद कोठे मागायची, एवढी चार उत्तरे शोधून एका कागदावर लिहून ठेवावीत.

मागणीच्या आधीची वही

शाळेत जाण्यापूर्वी दोन आठवडे एक साधी वही ठेवावी. तिच्यात मत लिहू नये, फक्त दिसले ते लिहावे. ‘अभ्यासाचा कंटाळा करतो’ हे मत झाले. वहीतील नोंद साधारण अशी असावी: ‘मंगळवार, संध्याकाळी सव्वासात. फळ्यावरून उतरवून आणलेले प्रश्न त्याला स्वतःलाच वाचता येईनात. प्रश्न मी वाचून दाखवल्यावर पाचही उत्तरे तोंडी बरोबर सांगितली. तीच लिहायला बसल्यावर दुसऱ्या उत्तराच्या मध्यावर पेन्सिल ठेवून दिली. तोवर बारा मिनिटे झाली होती. मग रडला.’ या पाच ओळींत कोणत्याही तज्ज्ञाला उपयोगी पडेल अशी माहिती आहे, कारण विषय समजतो पण उतरवणे आणि लिहिणे जमत नाही हे त्यांतून कोणी न सांगता दिसते. वर्तनाबद्दल तक्रार असेल तर प्रत्येक प्रसंगाचे तीन भाग करून लिहावेत: आधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर लगेच काय झाले. मूल दर वेळी गणिताच्या तासालाच ओरडते आणि ओरडल्यावर त्याला वर्गाबाहेर पाठवले जाते, असे तीन आठवड्यांत सहा वेळा दिसले, तर ओरडण्यामुळे त्याची गणितातून सुटका होते आहे, ही शक्यता शाळेपुढे मांडता येते.

याच काळात डोळ्यांची आणि कानांची तपासणी उरकून घ्यावी. ही पायरी वगळण्याचा मोह होतो, कारण मूल घरात सगळे ऐकते असे वाटत असते. कानाच्या पडद्यामागे द्रव साठल्यामुळे कमीजास्त होणारे ऐकू येणे मात्र शांत घरात सहज लपते आणि गजबजलेल्या वर्गातच उघडे पडते. ऐकू न येणाऱ्या मुलाचे लक्ष नाही, असा निष्कर्ष काढून पुढची दोन वर्षे वाया गेल्याची उदाहरणे या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही विचारावीत.

त्यानंतर शाळेला पत्र द्यावे. पत्र लांबलचक नसावे. मुलाचे नाव, वर्ग, तारीख, वहीतील दोन-तीन ठळक नोंदी, आतापर्यंत घरी व शाळेत काय करून पाहिले, आणि शेवटी एक स्पष्ट वाक्य: ‘माझ्या मुलाचे वाचन, लेखन आणि लक्ष या क्षेत्रांतील शैक्षणिक मूल्यमापन करावे, अशी मी विनंती करतो, आणि आपला निर्णय लेखी कळवावा.’ ‘काहीतरी मदत व्हावी’ असे लिहिलेल्या पत्राला ‘आम्ही लक्ष देऊ’ एवढेच उत्तर पुरते; मूल्यमापनाची मागणी केलेल्या पत्राला मात्र होय किंवा नाही असे उत्तर द्यावे लागते. पत्राची पोच घ्यावी. ईमेल केली असेल तर ती जपून ठेवावी. मुदतीचे दिवस बऱ्याच ठिकाणी या तारखेपासून किंवा पालकांच्या लेखी संमतीपासून मोजले जातात, त्यामुळे दोन्ही तारखा वहीच्या पहिल्या पानावर असाव्यात.

अहवाल कसा वाचावा

मूल्यमापन सुरू होण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: चाचणी कोणत्या भाषेत होणार आहे? मूल घरी एक भाषा बोलत असेल आणि शाळेत दुसरी शिकत असेल, तर शाळेच्या भाषेतील चाचणीत दिसणारी अडचण ही अक्षमता आहे की भाषा अजून पुरती न आल्याचा परिणाम आहे, हे त्या एका चाचणीवरून सांगता येत नाही. अध्ययन अक्षमता एका भाषेपुरती नसते. खरी अडचण असेल तर तिच्या खुणा घरच्या भाषेतही, यमक ओळखणे, शब्दातले ध्वनी वेगळे करणे, ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगणे अशा गोष्टींत, सहसा दिसतात.

अहवाल हाती आल्यावर पालक पान उलटून थेट निदानाच्या ओळीकडे जातात. तसे न करता आकड्यांच्या तक्त्यापाशी थांबावे, कारण खरी माहिती तिथेच असते. बुद्धिमापनाच्या आणि संपादणुकीच्या, म्हणजे मूल वाचन, लेखन, गणित किती शिकले हे मोजणाऱ्या, बहुतेक प्रमाणित चाचण्यांत सरासरी गुणांक १०० धरलेला असतो आणि साधारण दोन तृतीयांश मुले ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात. शेजारच्या रकान्यात पर्सेंटाइल असते, आणि येथेच सर्वांत जास्त घोटाळा होतो. १६ वे पर्सेंटाइल म्हणजे मुलाला १०० पैकी १६ गुण मिळाले असे नव्हे. त्याच वयाच्या शंभर मुलांना ओळीत उभे केले, तर सुमारे १६ मुले त्याच्या मागे असतील, असा त्याचा अर्थ आहे. हे पर्सेंटाइल गुणांक ८५ शी जुळते. त्याच हिशेबाने ५० वे पर्सेंटाइल म्हणजे नापास होण्याच्या काठावरचे मूल नव्हे, तर अगदी मधोमध उभे असलेले मूल.

आता वहीतल्या त्याच मुलाचा अहवाल समोर आहे असे धरू. शाब्दिक आकलन ११२, माहिती हाताळण्याचा वेग ७८. पहिला आकडा त्याला शंभरांतील सुमारे ७९ मुलांच्या पुढे ठेवतो, दुसरा फक्त सातांच्या पुढे. या दोन्हींची आणि उरलेल्या आकड्यांची गोळाबेरीज करून एकच एकूण गुणांक काढला, तर तो शंभराच्या आसपास येऊ शकतो, आणि मग ‘बुद्धी सामान्य आहे, प्रयत्न कमी पडतात’ असा शेरा सहज लिहिला जातो. एकूण आकडा खोटा नसतो, पण अशा मुलाबद्दल तो काहीच सांगत नाही. तोंडी पाच उत्तरे बरोबर आणि लिहिताना दुसऱ्याच उत्तरावर थांबणे, याचे स्पष्टीकरण ११२ आणि ७८ यांच्यातील दरीत आहे. म्हणून चाचणी घेणाऱ्या तज्ज्ञांना विचारावे की सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या आकड्यात एवढे अंतर असताना एकूण गुणांक ग्राह्य धरावा का, आणि हे अंतर वर्गात नेमके कसे दिसेल. हा दुसरा प्रश्न फार उपयोगी आहे. त्याचे उत्तर पालकांना समजेल अशा भाषेत मिळेपर्यंत तो पुन्हा विचारण्यात संकोच बाळगू नये.

डॉक्टरांनी केलेले निदान आणि शाळेतील सेवांसाठीची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात ठेवावे. निदानाचा कागद आणला की सेवा आपोआप सुरू होतील, अशी अपेक्षा ठेवून आलेले पालक येथे दुखावले जातात. त्या अडचणीचा मुलाच्या शिक्षणावर काय परिणाम होतो, हे शाळेला वेगळे पाहावे लागते, आणि ते दाखवण्यासाठी आपली वही निदानाच्या कागदाइतकीच कामाला येते.

योजना: प्रत्येक ओळीला प्रश्न विचारावा

मूल्यमापनानंतर वैयक्तिक शिक्षण योजना तयार होते. नाव कोणतेही असो, तिच्यात मूल आज कोठे आहे, वर्षभरात कोठे पोहोचावे, त्यासाठी कोणत्या सेवा मिळतील, परीक्षेत व वर्गात कोणत्या सवलती असतील, प्रगती कशी मोजली जाईल आणि पुढचा आढावा केव्हा होईल, एवढे आलेच पाहिजे. यांपैकी उद्दिष्टांच्या भागावर पालकांनी सर्वांत जास्त वेळ घालवावा, असे माझे मत आहे, कारण सगळ्यात मोघम लिखाण तिथेच असते.

‘विद्यार्थ्याच्या वाचनात सुधारणा होईल.’ या वाक्याला वर्षाच्या शेवटी कोणीही चूक ठरवू शकत नाही आणि त्यामुळेच ते निरुपयोगी आहे. तेच उद्दिष्ट असे लिहून घ्यावे: ‘इयत्ता दुसरीच्या पातळीचा, पूर्वी न वाचलेला उतारा विद्यार्थी सध्या मिनिटाला ३२ शब्द या वेगाने वाचतो, मार्चअखेरपर्यंत तो अशाच उताऱ्यातील ६० शब्द मिनिटाला, शंभरांत पाचांपेक्षा जास्त चुका न करता वाचेल, विशेष शिक्षक दर पंधरा दिवसांनी मोजणी करून नोंद ठेवतील.’ यात आजचा आकडा आहे, गाठायचा आकडा आहे, मोजणारी व्यक्ती आहे आणि मुदत आहे. वर्तनाच्या उद्दिष्टालाही हेच लागू पडते. ‘वर्गात नीट वागेल’ याऐवजी ‘काम अवघड वाटल्यास ठरलेले कार्ड दाखवून मदत मागेल, आठवड्यातील पाचपैकी किमान चार प्रसंगांत’ असे लिहिले, की मुलाने काय करू नये याऐवजी काय करावे हे शिक्षकांनाही कळते.

सेवांच्या रकान्यात ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द दिसला की तिथे बोट ठेवावे. कोणाच्या आवश्यकतेनुसार, आणि ती ठरवणार कोण? त्याऐवजी आठवड्यातून किती वेळा, प्रत्येक वेळी किती मिनिटे, एकट्याला की गटात, गटात असल्यास किती मुलांत, वर्गात की वर्गाबाहेर, आणि ही सेवा देणाऱ्या व्यक्तीची पात्रता काय, हे लिहून घ्यावे. मुलाला बाहेर नेण्याच्या वेळी वर्गात काय चालू असेल, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. वाचन सुधारण्यासाठी मुलाला दर आठवड्याला खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला उचलून नेले, तर जिथे ते चमकते तीच जागा आपण काढून घेतो.

सवलत आणि अभ्यासक्रमातील बदल यांत गल्लत होऊ देऊ नये. प्रश्नपत्रिका तीच, पण वेळ जास्त, अक्षर मोठे किंवा उत्तर सांगून लिहवून घेण्याची मुभा, ही सवलत झाली; मूल तेच शिकते, फक्त वाट वेगळी. धडे कमी केले, प्रश्न सोपे केले किंवा खालच्या इयत्तेचा अभ्यास दिला, तर शिकण्याचा मजकूरच बदलला. काही मुलांना त्याची गरज असते आणि तो निर्णय योग्यही असतो; परंतु त्याचा पुढील प्रमाणपत्रावर आणि विषयांच्या निवडीवर काय परिणाम होईल, हे विचारल्याशिवाय त्याला संमती देऊ नये. आणखी एक व्यावहारिक बाब अशी, की बोर्डाच्या परीक्षेत लागणाऱ्या सवलतींसाठी आधीच्या इयत्तांतील वापराचे पुरावे आणि वेळेत केलेला अर्ज मागितला जाऊ शकतो. लेखनिकाला सांगून उत्तर लिहवून घेणे हेही शिकावे लागते. ते पहिल्यांदा अंतिम परीक्षेत करू नये.

बैठकीत

बैठकीच्या टेबलाभोवती पाच-सहा जण शाळेचे असतात आणि पालक एकटे किंवा दोघे. शक्य असल्यास सोबत एक शांत माणूस न्यावा, ज्याचे काम फक्त टिपणे घेण्याचे असेल. अहवाल आणि योजनेचा मसुदा काही दिवस आधी मागावा. पंधरा पाने बैठकीत पहिल्यांदा पाहून कोणालाच काही सुचत नाही. सुरुवात मुलाला काय आवडते आणि काय चांगले जमते यापासून करून द्यावी, कारण पुढचा तासभर त्याच्या उणिवांचीच चर्चा व्हायची असते. एखादी मागणी नाकारली गेली तर आवाज चढवण्यापेक्षा ‘हा निर्णय कोणत्या माहितीवर घेतला, तेवढे कृपया लेखी द्यावे’ असे म्हणावे. अनेक नकार या वाक्यापाशी मवाळ होतात.

सही त्याच दिवशी करायलाच हवी असे वाटू देऊ नये. उपस्थितीची सही आणि संमतीची सही वेगळी असते. कोणत्या रकान्यात सही करतो आहोत ते पाहून, योजना घरी नेऊन वाचण्यास दोन दिवस मागावेत. मात्र पटलेल्या सेवा लगेच सुरू व्हाव्यात आणि वादाच्या मुद्द्यावर चर्चा चालू राहावी, असे सुचवणे बहुधा शहाणपणाचे ठरते. त्याच रात्री शाळेला एक छोटी ईमेल पाठवावी: आज आपले असे ठरले, अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून हे सुरू करणार आहे, माझी काही समजूत चुकली असल्यास कळवावे. या ईमेलला उत्तर आले नाही, तरी ती नोंद म्हणून राहते.

मुलाला यातून वगळू नये. दहा वर्षांचे मूलही सांगू शकते की पुढच्या बाकावर बसल्याने त्याला ऐकू येते की फक्त लाज वाटते. वाढीव वेळ मिळालेली, पण सगळे उठून गेल्यावर एकटेच बसावे लागते म्हणून ती न वापरणारी मुले कमी नाहीत. त्यांना वेगळ्या खोलीत सुरुवातीपासून बसवले की प्रश्न मिटतो. ही माहिती कोणत्याही चाचणीत येत नाही.

योजना लागू झाल्यावर साधारण दीड-दोन महिन्यांनी मोजणीची नोंद मागावी. ‘छान चालले आहे’ हे सौजन्य झाले, नोंद नव्हे. वाचनाचा वेग ३२, ३३, ३१, ३३ असाच सलग चार मोजण्यांत अडला असेल, तर उद्दिष्ट खाली आणण्याआधी शिकवण्याची पद्धत, वेळ किंवा गटाचा आकार बदलून पाहण्याची मागणी करावी. पुढच्या वार्षिक आढाव्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मधल्या बैठकीची लेखी विनंती करता येते. घरी मात्र आईवडिलांनी दुसरे विशेष शिक्षक होऊ नये. शाळा, उपचार, गृहपाठ आणि पुन्हा घरचे सराव, अशा दिवसात मुलाला आईवडील मिळतच नाहीत.

मतभेद मिटलाच नाही, तर पायऱ्या क्रमाने चढाव्यात: वर्गशिक्षक, विशेष शिक्षण पाहणारी व्यक्ती, मुख्याध्यापक, शिक्षण विभाग, आणि त्यानंतर मध्यस्थी किंवा अपील. सुरुवातीला लिहून ठेवलेली चार उत्तरे येथे उपयोगी पडतात, विशेषतः अपिलाची मुदत. ती संपल्यावर खरी बाजूही ऐकून घेतली जात नाही. मूल्यमापनच मान्य नसेल तर स्वतंत्र तज्ज्ञांकडून दुसरे मागता येते का, आणि त्याचा खर्च कोण करील, हे विचारावे. अमेरिकेच्या कायद्यात अशा स्वतंत्र मूल्यमापनाची, ठरावीक अटींवर सरकारी खर्चाने, तरतूद आहे. तक्रारीतही शिक्षकांच्या हेतूबद्दल लिहू नये, न मिळालेल्या सेवेबद्दल लिहावे: ‘आठवड्याला ९० मिनिटे ठरली होती, गेल्या सहा आठवड्यांत २१० मिनिटे मिळाली.’

इयत्ता बदलते तेव्हा ही सगळी घडी विस्कटण्याची भीती सर्वांत जास्त असते. जुन्या शिक्षकांना जे अनुभवाने कळले होते, ते योजनेच्या कागदात नसते. म्हणून वर्ष संपण्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्याकडे बसून एका पानाचे टिपण तयार करावे: मुलाला काय आवडते, कशाने बिथरते, बिथरल्यावर काय केले की शांत होते, कोणत्या सवलती ते खरोखर वापरते आणि कोणत्या नुसत्या कागदावर आहेत. नवे वर्ष सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात नव्या शिक्षकांची दहा मिनिटे मागून हे पान त्यांना द्यावे आणि मुलाची योजना त्यांनी वाचली आहे का, हे नम्रपणे विचारावे. ‘कार्यालयातल्या फाइलमध्ये असेल’ असे उत्तर आले, तर पिशवीत आणलेली दुसरी प्रत तेव्हाच त्यांच्या हाती ठेवावी.